प्रार्थना त्यांच्याकडे, हिशेब माझ्याकडे

आदरणीय ताई,

सलाम. मी पिंपरी-चिंचवडला राहते, एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. माझे मिस्टर एका कारखान्यात मशीन शॉपला होते. जवळजवळ पंचवीस वर्षं नोकरी झाली. गेल्या वर्षी कंपनीने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) आणली आणि त्यांनी नाव दिलं. आलेली रक्कम तेव्हापासून बचत खात्यात तशीच पडून आहे.

मिस्टर पहाटे पाचला उठून सातपर्यंत प्रार्थना करतात. बुधवारी संगतीला, म्हणजे प्रार्थनासभेला, जातात, शुक्रवारी उपास-प्रार्थना असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पैशाचं काय करायचं, पुढे कुठलं काम बघायचं, असं विचारलं की एकच उत्तर येतं, "प्रभू चिन्ह देईल, मी वाट पाहतोय." त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने दोघांत मिळून छोटं वर्कशॉप टाकू म्हणून विचारलं, त्यालाही हेच सांगितलं. तो बिचारा अजून फोन करतो. कंपनीचा मेडिक्लेम संपला आणि यांना शुगर आहे. नवी पॉलिसी काढू म्हटलं तर म्हणाले, "आपला विमा वर आहे." मुलगी बारावीला आहे. तिचा सीईटीचा फॉर्म "प्रार्थना करून भरू" म्हणत राहून गेला. शेवटच्या दिवशी मी सेकंड शिफ्ट करून आले आणि रात्री अकराला मोबाईलवर भरायला बसले. ओटीपी यांच्या फोनवर, फोन यांच्या उशाखाली, आणि हे झोपलेले.

परवा मोठं भांडण झालं. म्हणाले, "तुझा विश्वास कमी आहे, तू नुसती मार्था आहेस, घरकामातच गुंतलेली. पंडिता रमाबाईंनी कधी उद्याचा विचार केला का? नुसत्या प्रार्थनेवर केडगावचं मुक्ती मिशन चालवलं." मला उत्तर सुचलं नाही. संगतीतले एक सेवक सांगतात, रकमेतला काही भाग 'बी' म्हणून पेरा, मग मार्ग उघडेल.

खरं सांगायचं तर मला हल्ली प्रार्थनाच होत नाही. डोळे मिटले की गॅस, फी, घराचा हप्ता. थोडे पैसे मी आईच्या नावावर बाजूला ठेवलेत, ते यांना माहीत नाही. ताई, प्रार्थना किती करावी आणि नियोजन किती? माझा विश्वास खरंच कमी आहे का?

— एक भगिनी

प्रिय भगिनी,

सलाम. 'प्रार्थना किती आणि नियोजन किती' या प्रश्नाचं माप माझ्याकडे नाही, आणि तुमच्या घराला त्याची गरजही दिसत नाही. तुमच्याकडे दोन्ही भरपूर आहे. फक्त त्याची वाटणी झाली आहे. प्रार्थना त्यांनी घेतली, हिशेब तुम्ही घेतला. मुलीच्या कॉलेजची फी किती असेल हे त्यांना ठाऊक नाही, आणि पाच ते सात ते प्रभूशी काय बोलतात हे तुम्हाला ठाऊक नाही. मग त्यांना तुमचा हिशेब अविश्वास वाटतो, तुम्हाला त्यांची प्रार्थना पळवाट वाटते. तुम्ही भांडता ते देवावरून नाही, या वाटणीवरून. ती मोडायची कशी, एवढंच मला सांगायचं आहे.

मिस्टरांना शास्त्रातलं बोललेलं पटेल, म्हणून सुरुवात नहेम्यापासून करते. पारसच्या राजाच्या पदरी असलेला हा यहूदी, त्याच्या नावाचं पुस्तक बायबलमध्ये आहे. तुमच्या घरात ते दोघांनी मिळून वाचावं अशी माझी इच्छा आहे, पहिले दोन अध्याय तरी. यरुशलेमचा कोट पडल्याची बातमी त्याला किस्लेव महिन्यात कळली. तो रडला, उपास केला, प्रार्थना करत राहिला. राजासमोर त्याचं तोंड उतरलेलं दिसलं आणि राजाने कारण विचारलं तेव्हा नीसान महिना होता. म्हणजे मध्ये सुमारे चार महिने गेले. तुमचे मिस्टर म्हणतील, बघ, चार महिने वाट पाहिली की नाही! पाहिली. पण राजा "तुला काय पाहिजे?" असं विचारतो तेव्हा नहेम्या मनातल्या मनात स्वर्गीच्या देवाची प्रार्थना करतो आणि त्याच दमात बोलायला लागतो. किती दिवस लागतील ते सांगतो. नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी वाटेत अडवू नये म्हणून पत्रं मागतो. राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ, त्याच्या नावाने वेगळं पत्र मागतो, कारण दरवाजांना तुळया लागतील. कोटाला लाकूड लागेल. आणि मी राहीन त्या घरालाही लागेल, हे सांगायला तो विसरत नाही.

एवढी यादी राजापुढे उभ्या उभ्या सुचत नाही. वनाचा अधिकारी कोण आणि लाकूड कुठल्या खात्यातून सुटतं, ही माहिती त्याच चार महिन्यांत गोळा झाली असणार. त्याच्या उपासाचे आणि चौकशीचे दिवस वेगळे नव्हते. राजाने सगळं दिल्यावर मात्र तो 'माझी तयारी चांगली होती' म्हणत नाही, देवाचा वरदहस्त माझ्यावर होता म्हणतो. पुढे यरुशलेमला पोचल्यावर पहिलं काम काय केलं? सभा बोलावली नाही. रात्री मोजकी माणसं घेऊन पडलेला कोट फिरून पाहिला. विरोधकांनी कट केला तेव्हा चौथ्या अध्यायात एकाच वचनात दोन गोष्टी आहेत : आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. कोट बावन्न दिवसांत उभा राहिला.

मिस्टरांना विचारा, भांडणाच्या सुरात नाही, खरंच कुतूहलाने विचारा : एवढे महिने प्रार्थना झाली, त्यातून आपली यादी काय तयार झाली? कुठलं लाकूड लागणार, ते कोणाकडे मिळणार? प्रार्थनेतून उठल्यावर एकही नाव, एकही आकडा, एकही फोन करण्याजोगा माणूस समोर येत नसेल तर त्या दोन तासांत चाललंय काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारायला हवा.

आता रमाबाई. हे उदाहरण त्यांनी काढलं याचा मला आनंद झाला, कारण ते तुमच्या बाजूचं आहे. प्रार्थनेवर त्यांची जी भिस्त होती ती मी कमी लेखत नाही. १९०५ साली मुक्तीत जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं, मुली तासन्‌तास प्रार्थनेत असायच्या, ते सगळ्या जगाला माहीत आहे. पण उद्याचा विचार केला नाही? विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. त्याला अमेरिकेतल्या मदत मंडळाचा आधार होता, आणि तो दहा वर्षांच्या बोलीवर होता. दहा वर्षांनी पैसे थांबणार हे रमाबाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून ती मुदत संपायच्या आतच त्यांनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली आणि तिथे फळबाग लावली. पुढे संस्थेला स्वतःचं उत्पन्न असावं, हा हेतू. झाड लावायचं म्हणजे फळ यायच्या कितीतरी आधी विचार करावा लागतो, हे शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला सांगायला नको.

त्या जमिनीचा उपयोग शेवटी त्यांच्याही अंदाजापेक्षा मोठा झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेगची धामधूम, तिथे इतक्या मुली ठेवणं शक्य नव्हतं. त्यांना केडगावला हलवलं. जागा होती म्हणून हलवता आलं. मग विहिरी खोदल्या, इमारती बांधल्या, विणकाम सुरू केलं, छापखाना घातला. मुली शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकीच्या हाताला काम दिलं. आणि हे सगळं करणारी बाई पैशासाठी देवाकडे गुडघे टेकत होती, तेही तितकंच खरं. आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष सांगताना गुडघ्यांचं सांगतात आणि विहिरींचं गाळतात, त्याने ही गैरसमजूत पसरली आहे.

रमाबाईंवर ज्यांच्या चरित्राचा प्रभाव पडला त्या जॉर्ज म्यूलर यांचंही तसंच. इंग्लंडात ब्रिस्टलला त्यांनी अनाथाश्रम चालवला, लोकांकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचे, हा त्यांचा नेम. विश्वासाने जगलेला माणूस म्हणून त्यांचं नाव प्रत्येक उपदेशात येतं. पण तोच माणूस आलेल्या देणग्यांची बारीक नोंद ठेवायचा, दरवर्षी हिशेब छापायचा, कर्ज काढायचा नाही, आणि ॲशली डाऊनच्या इमारतींना हात घालताना आधी पैसा हातात येऊ द्यायचा. विश्वास आणि खतावणी एकाच टेबलावर.

चिन्हाबद्दल थोडं. चिन्ह म्हटलं की सगळे गिदोनाची लोकर काढतात. रात्री खळ्यात लोकर ठेवून, दव कुठे पडतं त्यावरून त्याने देवाकडे खूण मागितली होती. बायबलमधल्या शास्ते पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा वाचा. गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगून झालं होतं. लोकर त्याने त्यानंतर ठेवली, एकदा नाही, दोनदा, आणि दुसऱ्यांदा ठेवताना 'माझ्यावर रागावू नकोस' असं म्हणून ठेवली. देवाने त्याच्या भित्रेपणाला सांभाळून घेतलं. पण आपण त्याची उपासनापद्धत करून टाकली! तांबड्या समुद्राच्या काठी तर देव मोशेला जवळजवळ दटावतोच : मला काय हाका मारतोस, लोकांना पुढे चालायला सांग.

तुमच्या घरातल्या बऱ्याचशा गोष्टींना चिन्ह लागतच नाही. मुलीची फी भरायची की नाही यावर देवाचं मत अजून यायचं आहे, असं थोडंच आहे? घरच्यांची तरतूद करण्याबद्दल पौल तीमथ्याला काय लिहितो ते मिस्टरांना तोंडपाठ असेल, मी इथे लिहीत नाही, कारण ते वचन बायकोच्या तोंडून ऐकायला फार कडू लागतं. घराचा हप्ता, वर्षभराचा घरखर्च, फी, दवाखाना. यासाठी लागणारी रक्कम बाजूला काढायला पहाटेचा एकही तास नको. एका बँकेत एका ठेवीदाराची व्याजासकट पाच लाखांपर्यंतचीच ठेव विम्याने सुरक्षित असते, तेव्हा सगळी रक्कम एकाच खात्यात कशाला ठेवायची? आणि जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत टाकू नका, तिथे हे संरक्षणही नाही. पेन्शनचं बघा : ईपीएसची (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची) पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल त्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के कायमचे कापले जातात. घाई करायची की थांबायचं, हे त्यांना बसून ठरवू दे. थांबण्याचा खरा उपयोग अशा ठिकाणी असतो.

प्रार्थना लागते ती पुढच्या कामाच्या निवडीला. वर्कशॉप करायचं की नोकरी बघायची की दोन्ही नको, हे खरंच ठाऊक नाही, आणि तिथे त्यांच्या उपास-प्रार्थनेला जागा आहे. पण त्या प्रार्थनेसाठी आधी कच्चा माल लागतो. मित्राकडे ऑर्डर कोणाच्या आहेत? लेथ कोणाची, गाळा भाड्याचा की मालकीचा, भांडवल कोण किती घालणार, तोटा झाला तर कोण किती सोसणार, भागीदारीचा करार लिहून होणार की 'आपल्यात काय' म्हणून सुटणार? बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज करा, असं खुद्द प्रभूनेच लूकच्या शुभवर्तमानात सांगितलं आहे. ही उत्तरं कागदावर आल्यावर तो कागद समोर ठेवून प्रार्थना करू दे. आणि मित्राला एक तारीख द्यावी : अमुक दिवशी हो किंवा नाही सांगतो. त्याला महिनोन्‌महिने लटकवून ठेवण्यात आध्यात्मिक काही नाही.

"आपला विमा वर आहे" हे वाक्य मला जरा खटकलं. प्रेषितांची कृत्ये, सत्ताविसावा अध्याय काढा. वादळात सापडलेल्या गलबतावर पौलाला देवदूत येऊन सांगतो की तुझ्याबरोबरच्या सगळ्यांचे प्राण वाचतील. यापेक्षा पक्कं वचन कोणाला मिळालं असेल? तरी खलाशी होडी सोडून पळायला निघतात तेव्हा हाच पौल शताधिपतीला म्हणतो, हे गलबतात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही. मग सगळ्यांना जेवायला लावतो, कारण कित्येक दिवस कोणाच्या पोटात अन्न नव्हतं. दोनशे शहात्तर माणसं होती. वचन मिळाल्यावर पौल हात जोडून कोपऱ्यात बसला नाही. खलाशी, दोर, भाकर, सगळ्यावर त्याचं लक्ष होतं.

आरोग्य विमा ही आता तातडीची गोष्ट आहे, आणि हे तुम्ही नर्स असल्यामुळे तुम्हाला मी काय सांगणार. नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघात सोडून बाकी दावे मिळत नाहीत, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. म्हणजे एकेक महिना जातो तो शुगरच्या बाबतीत तुमच्या नुकसानीत जातो. कंपनीचा गट विमा सोडताना त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेण्याची सोय असते. इतक्या उशिरा ती मिळेल असं मला वाटत नाही, पण एक फोन करून विचारायला हरकत नाही. अर्जात शुगर लिहाच. लपवलेला आजार निघाला की नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारतात.

आता तुमच्या मिस्टरांच्या बाजूने चार शब्द बोलते, कारण पत्रात ते फारसे आले नाहीत. पंचवीस वर्षं भोंग्यावर उठलेला माणूस. मशीन शॉपमध्ये त्याला किंमत होती, कुठला जॉब कुठल्या मशीनवर लावायचा हे त्याला विचारून होत होतं. आता सोसायटीच्या गेटवर कोणी "सध्या काय?" म्हणून विचारलं तर तो काय सांगणार? 'काम नाही' म्हणण्यापेक्षा 'प्रभूची वाट पाहतोय' म्हणणं सोपं जातं, आणि मंडळीत तर त्याला मान मिळतो. म्हणजे ते ढोंग करतात असं मी म्हणत नाही. पहाटेचे ते दोन तास हीच कदाचित दिवसभरातली एकमेव वेळ असेल जेव्हा त्यांना आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. तिथे हल्ला केलात तर ते आणखी आत जातील. त्यांची झोप, जेवण, चिडचिड यावर मात्र नजर ठेवा. मन खचल्याची लक्षणं तुम्हाला ओळखता येतात. तसं वाटलं तर डॉक्टरकडे नेण्याला प्रार्थनेचा विरोध नाही.

मग करायचं काय? आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा, तुमची सुट्टी असेल ती. कौटुंबिक प्रार्थना नेहमीसारखी, पण टेबलावर बायबलशेजारी पासबुक, होमलोनचं स्टेटमेंट, पीएफचे कागद आणि मुलीचं वेळापत्रक. आधी तुम्ही प्रार्थना करा. हो, तुम्ही. आणि आकडे त्यांनी वहीत लिहायचे. तुम्ही लिहू नका, तुमचं अक्षर कितीही चांगलं असलं तरी. बँकेत जाणं, विम्याची चौकशी, मित्राकडून वर्कशॉपची माहिती, ही कामं त्यांच्या वाट्याला द्या आणि दिल्यावर मागे लागू नका. उशीर झाला तर होऊ दे, पुढच्या बैठकीला त्यांच्या तोंडून कळेल. दोघांचं जमलं नाही तर तिसरा माणूस बोलवा. पाळकसाहेब चालतील, पण मला विचाराल तर मंडळीतला एखादा निवृत्त बँकवाला बरा. प्रत्येक मंडळीत एक असतो, आणि खजिनदारपद सोडून त्याला कोणी काही विचारत नाही.

त्या सेवकांच्या 'बी'बद्दल : देऊ नका. दशमांश, मिशनकार्य, गरजूला मदत, हे सगळं द्या, आनंदाने द्या, ते ठरलेलं द्या. पण मार्ग उघडावा म्हणून रक्कम भरणं हे दान नाही, सौदा आहे. जमीन विकून आलेल्या पैशातले काही लपवणाऱ्या हनन्याला प्रेषित पेत्राने काय सांगितलं? जमीन विकली नव्हती तोवर तुझीच होती, आणि विकल्यावरही पैसा तुझ्याच स्वाधीन होता. प्रेषितसुद्धा त्या पैशावर हक्क सांगत नाही. ज्याला एकरकमी पैसे मिळाल्याची बातमी लागते तो सेवक नेमका त्याच महिन्यात बियाण्याचा उपदेश करतो, यात मला तरी प्रभूची वाणी ऐकू येत नाही. मिस्टरांना हे पटायला वेळ लागेल. तोवर निदान एवढं ठरवा की दोघांच्या संमतीशिवाय मोठी रक्कम घराबाहेर जाणार नाही.

आणि हाच नियम तुम्हालाही लागू आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही आईच्या नावावरच्या पैशांचं एका ओळीत लिहिलं आणि पुढे गेलात. मी तिथेच थांबले. तुमची भीती मला कळते. उद्या सगळी रक्कम कुठे गेली तर मुलीपुरतं तरी राहावं. पण त्यांना कळेल तेव्हा 'तुझा विश्वास कमी' या वाक्याला आयुष्यभराचा पुरावा मिळेल, आणि तो तुम्हीच दिलेला असेल. पहिल्या बैठकीतच सांगा. "मला भीती वाटली म्हणून ठेवले" एवढंच. मुलीच्या नावाने ते उघडपणे ठेवता येतात.

तुमचा विश्वास कमी आहे का? मला तसं दिसत नाही. मार्था म्हटल्याचं मनावर घेऊ नका. तिचा भाऊ लाजर गेला तेव्हा घरातून उठून येशूला सामोरी गेली ती मार्थाच, आणि "तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस" ही कबुली योहानाच्या अकराव्या अध्यायात तिच्याच तोंडी आहे. पण तुम्हाला प्रार्थना होत नाही, हे मात्र नुसतं थकव्यावर ढकलू नका. याकोब आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात योजना करणाऱ्यांनाच बोलतो : आज-उद्या अमक्या शहरात जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, कमावू, असं म्हणणाऱ्यांना. त्यांची योजना चुकीची नव्हती. ती देवाला वगळून होती. सगळं माझ्याच अंगावर आहे, मी हात सोडला तर घर पडेल, असं ज्या बाईला रोज वाटतं तिचं नियोजन तिला आतून पोखरतं.

डोळे मिटले की गॅस आणि फी येते म्हणता ना? मग गॅस आणि फीच देवापुढे ठेवा. आज भरायच्या रकमा एकामागून एक त्याला सांगा. स्तोत्रकर्त्यांनी तरी काय केलं, शत्रूंची नावं घेऊन गाऱ्हाणीच मांडली. ड्युटीला जाताना बसमध्ये झालं तरी चालेल. पहाटे पाचला उठून मिस्टरांच्या शेजारी बसायची सक्ती स्वतःवर करू नका, नाईट शिफ्टवाल्यांना ते झेपत नाही. एखाद्या रविवारी मात्र त्यांना म्हणा, आज मला तुमच्या प्रार्थनेत घ्या. ते काय मागतात ते ऐका. कदाचित तुमचं नाव त्यात रोज असेल.

मुलीला त्या आठवड्याच्या बैठकीत बसवा. बारावीची आहे, तिला घरात पैसे किती आहेत ते कळू दे, आणि आई-बाबा भांडतात ते कशावरून हेही तिला तिच्या कल्पनेवर सोडू नका. निकाल लागेपर्यंत महाडीबीटी पोर्टल बघून ठेवा, व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी तिथे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या असतात. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि व्हीआरएसची रक्कम गेल्या वर्षीच्या उत्पन्नात धरतात का हे दाखला काढताना विचारावं लागेल. जूनमध्ये तहसीलला आणि सेतू केंद्रात ही गर्दी होते, म्हणून आत्ताच काढून ठेवा. त्यासाठी तुम्ही रजा टाकू नका. मिस्टरांना पाठवा, त्यांना दिवसा वेळ आहे.